रक्तात मरतो, बेडक्यात जगतो

सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसात घट्ट कफ साचवणारा जन्मजात आजार झालेल्या माणसाने दर महिन्याला दवाखान्यात यायचं, बरं वाटत असलं तरी यायचं आणि बेडका तपासायला द्यायचा, ही कोपनहेगनची जुनी शिस्त आहे. त्या बेडक्यांतून वाढवलेले जंतू इथल्या प्रयोगशाळेने टाकून दिले नाहीत. ग्लिसरॉलमध्ये कालवून उणे ८० अंशांवर गोठवून ठेवले. त्यामुळे स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूचे १९७३ पासूनचे वाण आजही अभ्यासाला मिळतात. एकाच माणसाच्या फुप्फुसात एक जंतू शिरला, तिथेच राहिला आणि वर्षानुवर्षांत काय काय होत गेला, हे सलग पाहता येईल अशा जागा जगात फार नाहीत.

मी तासगावची. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून पुढच्या संशोधनासाठी या शहरात आले आणि माझ्या वाट्याला हेच काम आलं. एका रुग्णाचे वेगवेगळ्या वर्षांतले वाण घ्यायचे आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांचं काय करू शकते ते पाहायचं. रुग्णाचं नाव, वय, चेहरा मला काहीच ठाऊक नव्हतं. कुपीवर फक्त सांकेतिक क्रमांक आणि तारीख. पण तारखा ओळीने लावल्या की त्या माणसाचं आयुष्य दिसायला लागायचं. आधी वर्षात एखाददुसरी कुपी, मधे मोकळे महिने. मग एका टप्प्यानंतर एकही महिना मोकळा नाही.

आजार मुळात जनुकाचा. सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर हे जनुक १९८९ मध्ये सापडलं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आवरणात बसून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची ये-जा सांभाळतं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तर ही ये-जा बंद पडते. घाम जास्त खारट होतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि श्वासनलिकेच्या आतला पातळ थर सुकून घट्ट होतो. तो थर घशाकडे ढकलत नेणारे बारीक केस त्यात रुतून बसतात. स्यूडोमोनास तर ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात, बेसिनच्या पाइपात कुठेही असतो. तुमच्या-माझ्या छातीत गेला तर तो कफाबरोबर वर येतो, आपण गिळून टाकतो आणि आपल्याला कळतही नाही. यांच्या छातीत तो तिथेच थांबतो.

पहिल्या वर्षांतला वाण मी प्लेटवर, म्हणजे बशीतल्या आगार नावाच्या जेलीवर, रेघाटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पुस्तकात असतो अगदी तसा. चपट्या, फाटक्या कडांच्या कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपके, आणि आगारभर उतरलेला हिरवा रंग. प्लेट नाकाशी धरायची नसते, पण या जंतूचा द्राक्षासारखा गोडसर वास झाकण किलकिलं केलं तरी येतोच. तासगावच्या मुलीला तो कुणी ओळखायला शिकवावा लागत नाही.

मग बऱ्याच वर्षांनंतरचा वाण. पहिल्या दिवशी प्लेट जवळजवळ कोरी. दोन-तीन दिवसांनी कॉलन्या दिसल्या त्या फुगीर, ओल्या, एकमेकींत वाहून गेलेल्या. लूप, म्हणजे तारेचा बारीक फास, लावून उचलला तर पक्क्या पाकासारखी तार निघाली. हिरवा रंग नाही, वासही जवळपास नाही. ही तार अल्जिनेटची. समुद्रातल्या तपकिरी शेवाळात असतो आणि दंतवैद्य दाताचं माप घ्यायला वापरतात, त्याच जातीचा पदार्थ. जंतूमध्ये म्यूक-ए नावाचं एक जनुक अल्जिनेटचं उत्पादन दाबून ठेवत असतं. फुप्फुसात राहता राहता ते जनुक बिघडतं, दाब सुटतो आणि जंतू स्वतःभोवती हा चिकटा ओतत बसतो. इथल्या अनुभवी टेक्निशियन बाई एखाद्या रुग्णाच्या प्लेटवर पहिल्यांदा अशी कॉलनी दिसली की लगेच डॉक्टरांना फोन करतात. अहवाल टाइप होईपर्यंत थांबत नाहीत.

मऊ आगारमध्ये सुईने टोचून पाहिलं. पहिला वाण रात्रीत चहूकडे पोहत पसरला. नंतरचा जिथे टोचला तिथेच राहिला, त्याची शेपटी गेली होती. या शेपटीचं प्रथिन आपल्या पेशींना लगेच ओळखू येतं, त्यासाठी त्यांच्यावर खास ग्राही, म्हणजे ओळखणारं प्रथिन, असतो. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात तेव्हाही पोहणारा जंतू त्यांना सोपा जातो. शेपटी टाकून दिली की यातलं काहीच जागं होत नाही.

जंतू पसरलेल्या प्लेटवर प्रतिजैविक भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या तर आणखी एक गोष्ट दिसली. चकतीभोवतीच्या स्वच्छ वर्तुळात, जिथे काहीच उगवायला नको, तिथे बारीक बारीक कॉलन्या उगवल्या होत्या. म्हणजे या वाणाची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडली आहे आणि तो भराभर बदलतो आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं होतं की त्यांनी तपासलेल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जणांत असे उतावीळ बदलणारे वाण आहेत. इतर आजारांच्या स्यूडोमोनासमध्ये ते सापडले नव्हते.

इथपर्यंत माझ्या मनात एक चित्र होतं, आणि बहुतेकांच्या मनात तेच असतं, की इतकी वर्षं टिकला म्हणजे हा जंतू फार बळकट झाला असणार. हे चित्र सीरमच्या चाचणीने पुसलं. निरोगी माणसाच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, घ्यायचं, त्यात जंतू सोडायचे, तासभर ३७ अंशांवर ठेवायचे, मग पातळ करत प्लेटवर घालून दुसऱ्या दिवशी किती उरले ते मोजायचं. पहिला वाण सीरममध्ये आरामात राहिला. वर्षानुवर्षं फुप्फुसात राहून आलेला मात्र जवळजवळ सगळा मेला.

जंतूच्या बाहेरच्या आवरणावर साखरेच्या लांब साखळ्या असतात. रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जंतूला भोक पाडून मारतात, पण या साखळ्या त्यांना आवरणापासून लांब ठेवतात. फुप्फुसात वर्षानुवर्षं राहून जुन्या झालेल्या वाणाने या साखळ्याच गमावलेल्या असतात. प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, जंतूला ओळखतात ती मुख्यतः याच साखळ्यांवरून, त्यामुळे त्या टाकल्या की जंतू अनोळखी होतो. बदल्यात त्याने रक्तात जगण्याची ताकद घालवली, आणि त्याला ती नकोच होती. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये फुप्फुसं या जंतूने भरलेली असूनही तो रक्तात सहसा सापडत नाही, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते वाक्य मी आधी वाचलं होतं. त्या रिकाम्या प्लेटपुढे उभं राहिल्यावर ते मला कळलं. रक्तात मरणारा हा जंतू बेडक्यात वीस-तीस वर्षं जगतो, कारण त्याने आपलं सगळं रूप त्या एका जागेसाठी बदललेलं असतं.

मग प्रश्न उरतो की त्या जागेत त्याला कुणी मारत का नाही. तिथे मारेकरी कमी नाहीत. बेडक्याचा ठिपका काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा अक्षरशः खच दिसतो. एरवी यांनी दोन-तीन दिवसांत एखादा संसर्ग साफ करावा.

न्यूट्रोफिलची चाचणी दमवणारी असते. या पेशी गोठवून ठेवता येत नाहीत, काही तासांतच मरतात. सकाळी स्वयंसेवकाचं रक्त घ्यायचं, लाल पेशी खाली बसू द्यायच्या, घनतेच्या थरांवरून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि हात हलका ठेवायचा. नळी जोरात हलवली तरी त्या चिडून आपला मारा आधीच उधळून बसतात. मग त्यांच्यात जंतू मिसळायचे. सुटे जंतू असले तर न्यूट्रोफिल त्यांना गिळतात, मारतात. जुना वाण सुटा करून दिला तरी बराचसा मरतो. पण तोच वाण दोन-तीन दिवस वाढवून, त्याचे चिकट्यात बांधलेले पुंजके तयार होऊ दिले आणि मग त्यांच्यावर न्यूट्रोफिल सोडले, तर चित्र पालटतं. आम्ही ते कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसायचो. पेशी पुंजक्यावर येतात, टेकतात, आत शिरू शकत नाहीत. गिळावं तर पुंजका त्यांच्याहून कितीतरी मोठा. अल्जिनेट कॉम्प्लिमेंटला चिकटू देत नाही आणि पेशींनी सोडलेले ऑक्सिजनचे जहाल रेणूही शोषून घेतो. पहिल्या काळातल्या वाणांकडे आणखी एक अस्त्र असतं. जंतू आपसांत रासायनिक संकेत देतात आणि संख्या पुरेशी झाली की रॅम्नोलिपिड नावाचा साबणासारखा पदार्थ सोडतात. त्याने न्यूट्रोफिल फुटतात. पुढे अनेक जुन्या वाणांत हे संकेत वाचणारं जनुकही बिघडलेलं सापडतं.

फुटलेल्या पेशींचं काय होतं, हे मला सगळ्यात जास्त छळतं. न्यूट्रोफिलच्या पोटात इलास्टेज नावाचं प्रथिन कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. जंतू पचवायला ते लागतं. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं आणि समोर येईल ते कापतं. फुप्फुसाला लवचीकपणा देणारे धागे कापतं, जंतूवर बसलेली प्रतिपिंडं कापतं, कॉम्प्लिमेंटचे तुकडे कापतं आणि न्यूट्रोफिलच्या स्वतःच्या अंगावरचे, जंतू ओळखायला लागणारे ग्राहीसुद्धा कापतं. नव्याने आलेल्या पेशी त्यामुळे जवळजवळ आंधळ्या होतात. पेशींचा सांडलेला डीएनए बेडक्यात मिसळून तो आणखी दाट करतो. डॉर्नेज अल्फा हे वाफेतून घ्यायचं औषध १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते हाच डीएनए तोडण्यासाठी.

ऑक्सिजनची गोष्ट त्याहून कठीण. ताज्या बेडक्यात सुईइतका बारीक ऑक्सिजन-संवेदक हळूहळू उतरवला तर पृष्ठभागापासून थोडं आत जाताच आकडा शून्यावर येतो. तो ऑक्सिजन जंतू संपवत असतील असं वाटतं. इथल्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की बहुतेक ऑक्सिजन न्यूट्रोफिल संपवतात, जंतूंवर फेकायचे जहाल रेणू बनवण्यासाठी. आणि ऑक्सिजन संपला की जंतूला फार फरक पडत नाही. तो बेडक्यातला नायट्रेट वापरून सावकाश जगायला लागतो. सावकाश वाढणाऱ्या जंतूवर बरीच प्रतिजैविकं नीट चालत नाहीत. टोब्रामायसिन या प्रतिजैविकाला तर जंतूच्या आत शिरायलाच हवेवर चालणारा श्वास लागतो. त्यात भर म्हणजे, १९९९ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधनातून पुढे आलं होतं की हायड्रोजन पेरॉक्साइडचा किंवा चेतवलेल्या न्यूट्रोफिलचा मारा झालेल्या वाणांतून म्यूक-ए बिघडलेले चिकट वाण निपजतात. जंतूला चिकट करणारा बदल घडवण्यात आपल्या माऱ्याचाच हात आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या दिवशी पुढचं काम झालं नाही.

प्रतिपिंडांचंही तसंच. रुग्णांच्या रक्तात या जंतूविरुद्ध किती प्रकारची प्रतिपिंडं आहेत हे इथे १९७० च्या दशकापासून मोजतात. जंतू कायमचा बसला की ती वाढत जातात. लस टोचल्यावर प्रतिपिंडं वाढली की आपण निश्चिंत होतो, त्या सवयीने पाहिलं तर हे चांगलं वाटावं. इथे उलटं आहे. ज्याच्या रक्तात ती जास्त, त्याचं फुप्फुस पुढे जास्त खराब होत गेलेलं दिसतं. प्रतिपिंड आणि जंतूचे तुकडे मिळून गुंता होतो, त्याने आणखी न्यूट्रोफिल बोलावले जातात, आणखी इलास्टेज सांडतं.

फुप्फुस बदलण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर काढलेल्या जुन्या फुप्फुसांचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्याही मी पाहिल्या. रंग लावलेले असतात, जंतू लाल, पेशींची केंद्रकं निळी. श्वासनलिकेच्या मधोमध कफाचा गठ्ठा, त्यात लाल पुंजके आणि प्रत्येक पुंजक्याभोवती निळ्या पेशींचं दाट कडं. लाल पुंजका नळीच्या भिंतीला बहुतेक ठिकाणी टेकलेलासुद्धा नाही. भिंत मात्र खाल्लेली आहे. ज्या जंतूने तिला हात लावला नाही, त्याच्यासाठी बोलावलेल्या फौजेने ती खाल्ली.

एवढं पाहिल्यावर या रोगाच्या उपचारातली एक गोष्ट मला जीव तोडून सांगाविशी वाटते. जंतू पहिल्यांदा येतो तेव्हा तो हिरवा, पोहणारा, सुटा असतो. औषधाने मरतो, पेशींना दिसतो. ही वेळ काही आठवडे-महिन्यांची असते आणि त्या काळात मुलाला सहसा काहीच होत नसतं. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी अशा मुलांना वाफेतून कोलिस्टिन आणि तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं देऊन पाहिलं आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापला की उपचार न केलेल्यांपेक्षा त्यांच्यात कायमचा संसर्ग पुष्कळ कमी झाला. आज जगभर थोड्याफार फरकाने हेच करतात. फ्रीझरमध्येही ते दिसतं. त्यानंतरच्या काही मुलांच्या नावे एकच कुपी आहे आणि पुढे वर्षानुवर्षं काही नाही. माझ्या रुग्णाची पहिली कुपी त्याआधीची होती.

मिरजेला माझी मैत्रीण बालरोगतज्ज्ञ आहे. एका रात्री तिचा फोन आला. तिच्याकडे एक लहान मुलगा होता. वजन वाढत नाही, शौच तेलकट, खोकला जात नाही, दुसरीकडे टीबीची औषधं झालेली. आजी म्हणाली, नातवाचा पापा घेतला की खारट लागतो, म्हणून हिने घामाची चाचणी करून घेतली. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोलच्या वर, म्हणजे निदान पक्कं.

"अगं, खोकल्याच्या स्वॅबमध्ये स्यूडोमोनास आलाय," ती म्हणाली. "पण पोरगं खेळतंय मस्त. घरचे म्हणतायत उगाच एवढी औषधं कशाला. मलाही वाटतंय जरा थांबावं का."

"खेळतंय म्हणूनच थांबू नकोस बाई," मी म्हटलं. "आत्ता तो मरतो. चिकट झाला की मग आयुष्यभर नुसता दाबून ठेवावा लागतो."

डोस ठरवणं माझं काम नाही, त्यासाठी मी तिला दिल्लीत या मुलांना वर्षानुवर्षं पाहणाऱ्या डॉक्टरांशी बोलायला सांगितलं. पण हिरव्या आणि चिकट अशा दोन्ही प्लेटचे फोटो मी तिला त्याच रात्री पाठवले आणि तिने ते मुलाच्या आईला दाखवले. औषध सुरू झालं. भारतात हा आजार होतच नाही असा समज फार काळ होता आणि अजून पुष्कळ मुलं दमा किंवा टीबीच्या नावाखाली फिरत राहतात. घामाची चाचणी सगळीकडे होत नाही. जिथे निदान होतं तिथे तरी दर तीन महिन्यांनी, मूल ठणठणीत असताना, स्वॅब किंवा बेडका तपासला गेला पाहिजे, एवढं मी प्रत्येक ओळखीच्या डॉक्टरला सांगत असते.

२०२० पासून युरोपात तीन औषधांची एकत्र गोळी मिळू लागली, बिघडलेल्या प्रथिनालाच चालतं करणारी. भारतात ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. डेन्मार्कमधल्या रुग्णांचं आयुष्य तिने बदललं. कफ पातळ झाला, खोकला कमी झाला, आणि अनेकांना आता बेडका पडतच नाही. प्रयोगशाळेकडे येणाऱ्या डब्या कमी झाल्या, हे मी आनंदाने लिहिते आहे. पण ज्यांच्या छातीत जंतू आधीच घर करून बसला होता, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत तो संख्येने खूप कमी होऊनही उरला आहे, आणि जनुकं वाचली की तोच जुना वाण निघतो.

सध्या माझ्याकडे हेच काम आहे. गोळी सुरू झाल्यानंतरचे नमुने, घशातून नळीने ओढून घेतलेले, दिसायला जवळजवळ पाणी. नेहमीएवढा नमुना प्लेटवर घालून काही हाती लागत नाही, म्हणून जास्त घालायचा आणि दोन दिवसांऐवजी चार-पाच दिवस थांबायचं. न्यूट्रोफिल आता कमी आहेत, ऑक्सिजन परतला आहे, इलास्टेजही उतरलं आहे. अशा जागी ठेवल्यावर शेपटी आणि साखळ्या गमावलेल्या या जंतूला पेशी गाठू शकतात का, ते पाहायचं आहे. पुढच्या आठवड्यात रक्त द्यायला दोन स्वयंसेवक येणार आहेत.